शाल कुणाला, सतरंज्या कुणाला

मागच्या अंकात आम्ही माजी विद्यार्थी मंडळं चालवणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. आले ते बहुतेक सचिवांचे, थोडे खजिनदारांचे, काही विद्यापीठांतल्या समन्वयकांचे. अध्यक्षांचा एकही नाही. त्यावरून ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलेजच्या पुण्यातल्या मंडळाचे हिशेब बरीच वर्षं सांभाळले. एवढ्याच भांडवलावर ही उत्तरं देते आहे. कुणाच्याही संस्थेचं नाव छापलेलं नाही, आणि लांबलेली पत्रं जरा आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी बऱ्याच वर्षांपासून सचिव आहे. डिसेंबरात मोठा मेळावा झाला. व्यासपीठावर आमदार, संस्थेचे पदाधिकारी, लाखाची देणगी दिलेले उद्योजक. सगळ्यांना शाल-श्रीफळ. आमच्यातल्या एकानं जुनी जनरल रजिस्टरं चाळून, गावोगावी फोन करून शेकडो जणांचे पत्ते मिळवले. मेळाव्याच्या दिवशी तो पार्किंगला उभा होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. माझंही नाही, पण ते जाऊ दे. राजीनामा द्यावासा वाटतो. द्यावा का?
— एक सचिव, सांगली जिल्हा

उत्तर : ‘ते जाऊ दे’ असं तुम्ही लिहिलंत खरं, पण ते गेलेलं नाही. जायचं कारणही नाही.

आपल्याकडच्या मेळाव्याचा क्रम मला तोंडपाठ आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मग सचिवाचं प्रास्ताविक. ते सुरू असतानाच सूत्रसंचालक ‘दोन मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी सरकवतो. मग मनोगतं. अध्यक्षीय समारोप लांबतो. आणि सर्वांत शेवटी, माणसं ताटं घ्यायला उठलेली असताना, आभारप्रदर्शन. ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं याच कोपऱ्यात कोंबायची, आणि तीही जमली नाहीत तर ‘ज्ञात-अज्ञात सर्व हातांचे आभार’ म्हणून मोकळं व्हायचं. पंचवीस-तीस माणसांच्या मंडळात अज्ञात हात कुणाचा असतो हो? त्या हाताला नाव असतं, आडनाव असतं, बॅच असते आणि त्याचा मोबाइल नंबर सूत्रसंचालकाच्या खिशातच असतो.

आमच्या मंडळात आम्ही एवढंच केलं की आभार समारंभाच्या सुरुवातीला आणले. स्वागतगीतानंतर लगेच तीन माणसं व्यासपीठावर बोलवायची. दरवर्षी तीनच, आणि दरवर्षी वेगळी. कुणी काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. ‘मोलाचं सहकार्य’ हा शब्दप्रयोग बंद. ‘यांनी १९७८ ते १९८५च्या बॅचमधली बेपत्ता माणसं शोधून काढली’ असं सांगितलं की सभागृहातल्या त्या बॅचची माणसं आपोआप टाळ्या वाजवतात, कारण शोधले गेलेले तेच असतात. सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ठेवला तर पाहुणेही खूश. त्यांनाही आमदाराला शाल देण्यापेक्षा हे बरं वाटतं, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरं, इतिवृत्त. कार्यकारिणीच्या सभेत आभाराचा रीतसर ठराव मांडा, सूचक-अनुमोदकासह, आणि त्या गृहस्थांचं नाव व काम त्यात लिहा. ठरावाची प्रत प्राचार्यांच्या सहीच्या पत्रासोबत त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. ते नोकरीत असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर एक प्रत त्यांच्या कार्यालयप्रमुखांना. ट्रॉफी मात्र नको. लोकांच्या शोकेसमध्ये आता जागा राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट खजिनदार म्हणून सांगते, आणि ही कुणीच सांगत नाही. त्या माणसाचा फोनचा, एसटीचा, पेट्रोलचा, झेरॉक्सचा खर्च कुणी विचारला का? विचारला नसेल, हे मी पैजेवर सांगते. तो स्वतः मागणार नाही. ‘आपल्या कॉलेजसाठी एवढंही नाही करायचं?’ असं कुणी म्हणेल याची त्याला धास्ती असते. आम्ही नियमच केला की खर्चाचं व्हाउचर प्रत्येकानं भरायचं. ज्याला मंडळाला पैसे सोडायचे आहेत त्यानं ती रक्कम नंतर देणगी म्हणून द्यावी आणि पावती घ्यावी. यानं दोन गोष्टी झाल्या. मंडळ चालवायला खरा खर्च किती येतो ते ताळेबंदात दिसायला लागलं. आणि ज्यांच्या खिशाला हे परवडत नव्हतं म्हणून मागे राहत होते, ते कामाला पुढे आले. शाळेत शिपाई असलेला आमचा एक वर्गमित्र व्हाउचरची पद्धत सुरू झाल्यावरच जिल्ह्याचं काम घ्यायला तयार झाला. आजही त्याच्याइतकं नेटकं काम कुणाचं नाही.

आता राजीनाम्याचं. तडकाफडकी देऊ नका, कारण दुसऱ्याच दिवशी सगळी कागदपत्रं तुमच्या घरातल्या लोखंडी कपाटात अडकलेली आहेत हे लोकांच्या ध्यानात येईल आणि भांडण त्यावर होईल. येत्या वार्षिक सभेनंतर पद सोडणार, असं आजच लेखी कळवा. मधल्या काळात सचिवाचं काम चार जणांत वाटा : यादी, पत्रव्यवहार, कार्यक्रम, आणि जिथे मंडळाची नोंदणी असते त्या धर्मादाय कार्यालयातली कामं. एकाच माणसानं सगळं ओढलं की इतरांना त्याचं श्रेय द्यायचं सुचत नाही. त्यांना ते काम दिसतच नसतं.

आणि तुमच्या त्या मित्राला आधी तुम्ही स्वतः एक पत्र लिहा. अध्यक्षांची वाट बघू नका.

प्रश्न : मी एका विद्यापीठात माजी विद्यार्थी कक्षाचा समन्वयक आहे. (शिकवतो रसायनशास्त्र, हे काम ‘अतिरिक्त’.) आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या शहरांत आपापली मंडळं चालवली आहेत. यंदापासून ‘उत्कृष्ट शाखा’ असा पुरस्कार द्यायचं ठरतंय. निकष काय ठेवावेत? नॅकलाही (शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला) दाखवता येईल असं काही हवं आहे.
— समन्वयक, मराठवाडा

उत्तर : सर, आधी एक विचारते. हा पुरस्कार मंडळांना हवा आहे की अहवालाला? शेवटच्या वाक्यावरून मला शंका आली म्हणून.

नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा भाग आहे, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. २०१७पासून लागू झालेल्या आराखड्यात त्यात दोन गोष्टी विचारल्या गेल्या : नोंदणीकृत संघटना आहे का आणि तिचं योगदान काय, आणि दुसरी, आर्थिक योगदान किती लाख. आता झालं असं की दुसऱ्या प्रश्नाला आकडा टाकायचा असतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. पहिल्या प्रश्नात पैशाखेरीज इतर मदतही मोजली जाते, पण ती शब्दांत मांडावी लागते, त्यासाठी नोंद ठेवावी लागते, आणि नोंद कुणी ठेवलेली नसते. मग पैसे देणारा एक उद्योजक अहवालात येतो आणि दर शनिवारी मुलांकडून मुलाखतीचा सराव करून घेणारी बाई येत नाही.

त्यात वर्तमानपत्रं आपल्याला भलतीच स्वप्नं दाखवतात. नंदन निलेकणी यांनी २०२३मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, त्यांच्या तिथल्या प्रवेशाला ५० वर्षं झाली म्हणून. फार मोठी गोष्ट. पण ती बातमी आल्यावर आमच्यासारख्या कितीतरी मंडळांना आपापल्या संस्थांकडून ‘तुमचे कोण आहेत असे?’ अशी विचारणा झाली असेल! आमच्यात आहेत ते तालुका कृषी अधिकारी, शिक्षिका, औषधविक्रेते, पतसंस्थेचे व्यवस्थापक. त्यांच्याकडून काय मिळू शकतं हे त्यांच्या घरी न जाता कळणार नाही.

निकषांबद्दल. पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक लावू नका. पुण्यात तुमचे माजी विद्यार्थी हजारोंनी असतील, धाराशिवला पन्नास. स्पर्धा लावली की दरवर्षी पुणेच जिंकणार आणि धाराशिव दोन वर्षांत अर्ज पाठवणं बंद करणार. त्यापेक्षा किमान अटी ठरवा. ज्या मंडळानं त्या पाळल्या त्याचं नाव यादीत, सगळ्यांना सारखाच मान. माझ्या मते अटी अशा असाव्यात : वार्षिक सभा झाली आणि हिशेब सभेपुढे मांडला. मंडळाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, ठरलेल्या मुदतीत पदाधिकारी बदलले. सध्याच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं निदान एक काम झालं, मग ते गावाकडून शहरात नोकरीला आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात राहायची सोय करून देणं का असेना. आणि कार्यकारिणीत गेल्या दहा वर्षांत पदवी घेतलेलं कुणीतरी आहे. बस्स. कार्यक्रमांची संख्या विचारू नका. विचारलीत की झूमवर झालेली व्याख्यानं आणि झाडं लावतानाचे फोटो येतील, एकाच झाडाचे तीन कोनांतून.

अर्ज एका पानाचा ठेवा. जी माणसं हे काम नोकरी-संसार सांभाळून रात्री करतात, त्यांच्याकडून चाळीस पानांची फाइल मागणं हा त्यांचा सन्मान नव्हे. त्या पानावर एक ओळ सक्तीची : ‘या वर्षी सर्वाधिक काम कुणी केलं आणि कोणतं?’ अट एकच, ते नाव अध्यक्षांचं किंवा सचिवांचं नसावं. विद्यापीठानं पत्र पाठवायचं ते या माणसाला, कुलगुरूंच्या सहीचं, आणि छापील मजकुरात नाव भरून नव्हे. तुमच्या कक्षानं त्यासाठी एक दुपार खर्च केली तर वर्षभराचं काम होतं.

आणि पुरस्काराच्या पैशांतून थोडे वाचले तर मंडळांना खरोखर लागतं ते द्या. रविवारी विनाभाडं एक वर्गखोली. पदवी प्रमाणपत्राची दुय्यम प्रत, ट्रान्सक्रिप्ट यांसाठी फोन उचलणारा एक माणूस. परदेशी किंवा परराज्यात असलेले माजी विद्यार्थी पहिला फोन मंडळाच्या सचिवाला करतात तो याच कामासाठी, आणि सचिवाला विद्यापीठात कुणी ओळखत नसतं. त्याला ओळखलंत, तर समारंभाशिवायही मान मिळाल्यासारखं आहे.

प्रश्न : आमचे अध्यक्ष स्थापनेपासून तेच आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतो. खूप केलं आहे त्यांनी, पण आता सत्तरी ओलांडली, सभा दोन वर्षं झाली नाही, आणि विषय काढला की ‘मग तुम्हीच सांभाळा’ म्हणून रुसतात. धर्मादाय कार्यालयातही जुनीच नावं आहेत. भांडण न करता काय करता येईल?
— कार्यकारिणी सदस्य, नाशिक

उत्तर : अण्णांचा रुसवा हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा कागदाचा आहे आणि तो जास्त अवघड आहे, म्हणून त्यापासून सुरू करू.

महाराष्ट्रात असं मंडळ सहसा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेलं असतं. पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, म्हणजे आपण चेंज रिपोर्ट म्हणतो तो, ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. मागच्या कार्यकारिणीचा अर्ज मंजूर नसेल तर पुढचाही लटकतो. काही मंडळांत हे इतकं मागे राहतं की दप्तरी असलेले निम्मे विश्वस्त हयात नसतात आणि सह्या करायला माणूस उरत नाही. तुमच्यावर ती वेळ यायच्या आत धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१चा, म्हणजे तिथल्या नोंदीचा, उतारा काढा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. मग घटना वाचा. सभा कुणी बोलवायची, गणपूर्ती किती, अध्यक्षांनी बोलावली नाही तर किती सदस्यांच्या मागणीवरून बोलावता येते, हे सगळं तिथे असतं. स्थापनेच्या वेळी कुणा वकिलाच्या नमुन्यावरून उतरवून घेतलेली असते ती, पण असते. सदस्य नोंदवहीही तपासा. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेल्या सदस्याला मताचा हक्क राहत नाही, तेव्हा सभेआधी सगळ्यांची वर्गणी भरून घ्या. नाहीतर सभा व्हायची आणि कुणीतरी हरकत घ्यायचं.

बँकेतली सहीही त्याच सभेत बदलून घ्या. ठरावाची प्रत, नव्या माणसांची केवायसी, आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या अशी पद्धत. एकट्याच्या सहीवर चालणारं खातं मी शाखेत असताना मला कधीच आवडलं नाही. माणूस कितीही सचोटीचा असला तरी तो आजारी पडतोच.

आता अण्णा. त्यांच्याकडे दोघंच जा, घोळका नको. आणि शक्यतो त्यांच्याच बॅचचं कुणीतरी बरोबर घ्या. तुम्ही त्यांना काढताय असं वाटायला नको आणि तसं नाहीच. त्यांच्याकडे मंडळाचा सगळा इतिहास आहे : पहिली वर्गणी कुणी दिली, वसतिगृहाच्या खोलीसाठी कुणाकडे खेटे घातले. तो लिहून द्यायला सांगा, मुदत घालून. ‘मार्गदर्शक’ म्हणून कायमची खुर्ची देऊ नका. ती खुर्ची दिली की प्रत्येक निर्णय तिच्यावरून जातो. घटनेत दुरुस्ती करा : सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणालाही पद नाही. हा नियम पुढच्यांसाठी आहे, हे अण्णांना आवर्जून सांगा. मी पाहिलेल्या अण्णांपैकी बऱ्याच जणांना सुटका हवी असते. कुणी नीट मागायला येत नाही, एवढंच.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या यादीत मुली फारच कमी आहेत, वर्गात मात्र जवळपास निम्म्या होत्या. सापडतच नाहीत. काय करावं?
— एक माजी विद्यार्थी, अमरावती

उत्तर : ‘सापडत नाहीत’ हे मला अनेकांनी लिहिलं आहे, सगळ्या पुरुषांनी.

जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव आहे ते वडिलांच्या नावासह माहेरच्या आडनावाचं. फेसबुकवर, लिंक्डइनवर, नोकरीत ती सासरच्या नावानं आहे, कधी पहिलं नावही बदललेलं. तुम्ही जुन्या नावानं शोधता आणि ‘बेपत्ता’ असा शेरा मारता. नोंदणीच्या अर्जात सर्वांत आधी ‘कॉलेजात असतानाचं पूर्ण नाव’ असा रकाना घाला आणि यादी त्याच नावानं लावा. आत्ताचं नाव पुढे. शोधायचं काम मुलींनाच द्या. वसतिगृहातल्या खोलीवारी याद्या आठवणीतून तयार होतात. तीन नंबरच्या खोलीत कोण होतं हे पोरींना तीस वर्षांनंतरही सांगता येतं, आणि एक सापडली की तिच्या खोलीतल्या दोघीतिघी लगेच मिळतात.

पण सापडल्यानंतरचं काय? मेळावा संध्याकाळी सहाला सुरू, जेवण साडेनऊला, ठिकाण शहराबाहेरचं लॉन, आणि निमंत्रणावर ‘सौ. व श्री.’ करून नवऱ्याचं नाव. नवरा बहुधा वेगळ्याच कॉलेजचा. तो येऊन बसून करणार काय? तिच्या नावानं निमंत्रण पाठवा. सकाळी दहा ते तीन ठेवा. लहान मुलं आणली तर चालतील असं स्पष्ट लिहा आणि खरंच एक खोली ठेवा. कार्यकारिणीत ‘महिला प्रतिनिधी’ अशी एक जागा करून थांबू नका. मला ती जागा देऊ केली होती, मी खजिनदारकी मागून घेतली. चहापाणी आणि रांगोळी महिला प्रतिनिधीकडे आपोआप जाते. खजिनदाराकडे चेकबुक येतं.

प्रश्न : दुबईत आमच्या कॉलेजचे बरेच जण आहेत. दर दोन महिन्यांनी भेटतो. गावाकडच्या कॉलेजला प्रयोगशाळेसाठी पैसे पाठवायचे आहेत. एकाच्या खात्यात गोळा करून पाठवले तर चालेल ना? अमेरिकेतले दोन-तीन मित्रही सामील व्हायचं म्हणतात.
— माजी विद्यार्थी, दुबई

उत्तर : नाही. असं करू नका.

संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं हा गुन्हा आहे. मित्रामित्रांत म्हणून केलं, हेतू चांगला होता, हे तिथे चालणारं उत्तर नाही. ज्याच्या खात्यात गोळा कराल तो गोत्यात येईल. तुमच्यापैकी प्रत्येकानं आपापल्या खात्यातून, बँकेच्या मार्गानं, संस्थेच्या खात्यावर थेट पाठवावं आणि पावती आपापल्या नावाची घ्यावी.

भारताच्या बाजूनं बघायचं ते पासपोर्टचा रंग. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. पण अमेरिकेतल्या मित्रानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही त्याचा पैसा परकीय योगदान ठरतो, आणि तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नुकत्याच स्थापन झालेल्या मंडळाला ही नोंदणी सहज मिळत नाही : सर्वसाधारणपणे तीन वर्षं अस्तित्वात असावं लागतं आणि त्या तीन वर्षांत आपल्या कामावर किमान १५ लाख खर्च केलेले असावे लागतात. शिवाय असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरवावा लागतो. तेव्हा अमेरिकेतल्या मित्रांचं आधी कॉलेजच्या मातृसंस्थेला विचारा. कित्येक जुन्या शिक्षणसंस्थांकडे एफसीआरए असतं. मंडळाच्या खात्यात एक डॉलरही ‘तात्पुरता’ घेऊ नका.

पैशाआधी एक करा. प्रयोगशाळेत काय हवं आहे ते प्रयोगशाळा साहाय्यकाला विचारा, प्राचार्यांना नंतर. आम्ही एकदा मोठ्या हौसेनं उपकरण घ्यायला निघालो, तर साहाय्यक म्हणाले, ते चालवायला इथे पुरेसा वीजदाब नाही, आधी वायरिंग करून द्या. वायरिंगवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्याला पैसे जमवायला वेळ लागला. पण जमले.

प्रश्न : माजी विद्यार्थी मंडळाचा सदस्य झालो म्हणजे पदवीधर मतदार म्हणून नोंदणी झाली ना?
— एक पदवीधर, कोल्हापूर

उत्तर : नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाचं सदस्यत्व हा तुमचा आणि मंडळाचा मामला. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांमधून १० प्रतिनिधी निवडून जातात, त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी. आणि विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी निवडणूक आयोगाचा नमुना १८. तिथे पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. मंडळाची यादी यांपैकी कुठल्याही निवडणुकीसाठी कुणी मागितली तर देऊ नका. मागायला येणारा माणूस तुमच्याच बॅचचा असेल, तरी नको.

प्रश्न : मॅम, मी २०२२ची पासआउट. पदवीदानाच्या दिवशीच आजीव सदस्यत्वाचे दोन हजार घेतले. नंतर पुण्याच्या मेळाव्याला एकदा गेले. चार भाषणं झाली, सगळे काका लोक, मी कोणाशीही न बोलता परत आले. मी का यावं पुन्हा?
— सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी

उत्तर : तुम्ही पुन्हा यावं यासाठी माझ्याकडे कारण नाही. ते त्या काका लोकांनी द्यायला हवं होतं. म्हणून हे उत्तर त्यांच्यासाठी.

पहिली नोकरी लागेपर्यंत मुलांकडे पैसे नसतात आणि लागल्यावर वेळ नसतो. पदवीदानाच्या रांगेत दोन हजार घेतले की त्या मुलीच्या लेखी हिशेब मिटला. पहिली पाच वर्षं सदस्यत्व फुकट ठेवा आणि त्या बदल्यात फक्त बदललेला पत्ता व ईमेल कळवायला सांगा. मेळाव्यात दाराशी दोन माणसं उभी करा. त्यांचं काम एवढंच की एकट्या आलेल्या प्रत्येकाला त्याच्या शाखेच्या किंवा गावच्या कुणाकडे तरी नेऊन सोडायचं. भाषणं दोनच ठेवा, तीही जेवणाआधी.

आणि तरुण माणसाला ‘सहभागी व्हा’ असं मोघम सांगितलं तर तो होत नाही. त्याला छोटं, संपणारं काम द्यावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांचे बायोडेटा तपासून दे, मंगळवारपर्यंत. काम झालं की त्या चौघांना त्याचं नाव कळवायचं. त्यांच्यापैकी एकाचा ‘ताई, नोकरी लागली’ असा मेसेज आला की बायोडेटा तपासून देणारी ती मुलगी पुढच्या वर्षी न बोलावता येते.

आता हे तुम्हाला : तुमच्या भागात तुमच्याच कॉलेजचे पाच-सहा जण नक्की असतील. मेळाव्याची वाट न बघता त्यांना एका शनिवारी चहाला बोलवा. मंडळाची परवानगी लागत नाही. काका लोकांना नंतर कळवा. ते फोटो मागतील, द्या.

प्रश्न : कॉलेजातली आमची अभ्यासशाखाच बंद झाली, नवे विद्यार्थी येणं केव्हाच थांबलं. मंडळात आता मोजकी माणसं उरली, सगळी साठीपुढची. खात्यात थोडे पैसे आहेत. मंडळ बंद करावं म्हणतो. पैसे आपसात वाटून एक सहल काढली तर?
— खजिनदार, सोलापूर

उत्तर : सहल काढा, पण वर्गणी काढून. मंडळाच्या पैशातून नाही.

नोंदणीकृत संस्था विसर्जित करायची तर किमान तीन पंचमांश सदस्यांचा ठराव लागतो, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सदस्यांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते, आणि कुठल्या ते सभेनंच ठरवायचं. त्यानंतर धर्मादाय कार्यालयाला कळवून तिथली नोंद काढून टाकण्याची कारवाई करावी लागते. एखादा वकील गाठा, या कामाची फी मंडळाच्या खर्चात धरता येते. उरलेले पैसे कॉलेजच्या ग्रंथालयाला किंवा गरीब विद्यार्थी निधीला द्यायचं सुचवते, लेखी पोच घेऊन.

जुने फोटो, स्नेहसंमेलनाचे अंक, हजेरीपट असतील तर ते कुणा एकाच्या घरी ठेवू नका. ग्रंथालयाला द्या, पण देताना प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. हे काम तुमच्यापैकी सगळे एकत्र बसल्याशिवाय होणार नाही, तेव्हा सहलीच्या आदल्या दिवशी करा. हिवाळ्यात काढलीत तर हुरडाही मिळेल. आणि बँकेचं खातं सर्वांत शेवटी बंद करा, वकिलाचा चेक वटल्यावर.